दुभतं जनावर घेताय? लिटर नंतर विचारा, आधी गव्हाण आणि घरातले हात मोजा



आजचा मेसेज नेहमीच्या फवारणीच्या सल्ल्यासारखा दोन ओळींचा नाही, लांब आहे. संध्याकाळची धार आटोपली की निवांत वाचा. घरात जो कोणी धार काढतो त्यालाही, खरं म्हणजे तिलाही, वाचून दाखवा.

ऊसबिलं जमा होऊ लागली की दरवर्षी एकच प्रश्न सुरू होतो. "साहेब, एखादी २० लिटरची गाय बघून द्या की." मोबाईलवर व्हिडिओ आलेला असतो. काळी-पांढरी, कास जमिनीला टेकलेली, बादली फेसाने भरलेली. खाली लिहिलेलं असतं, दुसरं वेत, गॅरंटी. किंमत लाखाच्या वर. पुढच्या आठवड्यात गाडी ठरते. मग दोन महिन्यांनी फोन येतो तो दुसऱ्याच कामासाठी असतो.

या मेसेजमध्ये माझं मत स्पष्ट सांगतो. पटलं नाही तर केंद्रावर येऊन भांडा, पण एकदा पूर्ण ऐका. *ज्याच्याकडे एक-दोन एकर रान आहे, घरात कामाला दोन माणसं आहेत आणि गोठा म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड आहे, त्याने एक मोठी २० लिटरची गाय घेऊ नये.* त्याच पैशात दोन मध्यम जनावरं घ्यावीत, तीही एकदम नाही, पाच-सहा महिन्यांच्या अंतराने. आणि आपल्या सांगोला, मंगळवेढा, जत, आटपाडीच्या पट्ट्यात त्यातलं एक जनावर म्हैस असावं.

आधी माझ्या विरोधात जाणारा हिशोब मांडतो, कारण तो खोटा नाही.

खुराकाचा साधा नियम तुम्हाला माहीत आहे. गायीला शरीरासाठी दीड किलो पशुखाद्य आणि वर प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम. समजा ५० किलोचं पोतं १६०० रुपयांना पडतं, म्हणजे किलो ३२. दूध समजा ३० रुपये लिटर. (दर तुमच्या गावचे घाला, हे फक्त समजण्यापुरते.) २० लिटरच्या गायीला साडेनऊ किलो खाद्य लागेल, म्हणजे ३०४ रुपये. दूध ६०० चं. हातात राहिले २९६. आता १० लिटरच्या दोन गायी बघा. प्रत्येकीला साडेपाच किलो, दोघींचे ३५२ रुपये. दूध तेवढंच, ६०० चं. राहिले २४८. शिवाय एका पोटाची वैरण जादा. म्हणजे सगळं धरून मोठी गाय दिवसाला सव्वाशे-दीडशे रुपये जास्त देते. कागदावर मोठी गाय जिंकली.

पण हा हिशोब एका दिवसाचा आहे. गाय व्याली, दूध भरात आहे, माज वेळेवर आला, कास निरोगी आहे, अशा दिवसाचा. वर्षात असे दिवस किती असतात ते गोठा करणाऱ्याला विचारा.

गाय पुढच्या वेताच्या आधी दोन महिने आटवावीच लागते. त्याला इलाज नाही. एकच गाय असेल तर ते दोन महिने डेअरीचं खातं कोरडं. माज एकदा चुकला की २१ दिवस गेले. तीनदा उलटली की दोन महिने गेले, आणि तेवढे दिवस घटत्या दुधावर खुराक चालूच. एका सडाला दगडी झाली आणि सड कायमचा बसला तर चौथा हिस्सा दूध गेलं. मोठ्या दुधाच्या गायीला व्याल्यानंतर दुग्धज्वराची भीती जास्त, कासदाहाची भीती जास्त, आणि संकरित म्हटल्यावर गोचीड ताप आहेच. गोचीड तापाचं इंजेक्शन किती महाग असतं ते ज्यांना द्यावं लागलं त्यांना विचारा. दोन जनावरं असली तर एक आटलं तरी दुसरं बाजारहाट चालवतं. एक गेलं तरी निम्मं शिल्लक राहतं. ते सव्वाशे-दीडशे रुपये मी या विम्याचा हप्ता समजतो. ज्याच्याकडे पाच-सहा गायी आहेत त्याने २० लिटरची जरूर घ्यावी, त्याच्या गोठ्यात एक आटली तर चार पिळायला असतात. हा मेसेज त्याच्यासाठी नाही.

दराचंही तसंच. २०२३ च्या जुलैत सरकारने गायीच्या ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ दुधाला ३४ रुपये दर जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस कित्येक गावांत हातात २७ च्या आसपास पडत होते, आणि २०२४ च्या सुरुवातीला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायची वेळ आली. दर चढतो तेव्हा सावकाश चढतो, पडतो तेव्हा एका पंधरवड्यात पडतो. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. लाख-सव्वा लाखाच्या एका गायीवर हप्ता बांधून घेतलेल्या माणसाला ५ रुपयांची घसरण म्हणजे महिन्याला तीन हजारांचा खड्डा. माझ्या मते कर्जावर घ्यायचंच असेल तर पहिलं जनावर स्वतःच्या पैशाने घ्यावं, दुसऱ्याला कर्ज काढावं, कारण तोवर हात बसलेला असतो आणि डेअरीची पावती दाखवायला असते.

*आता गाय की म्हैस?*

या प्रश्नावर गावागावात दोन पार्ट्या आहेत. मी म्हणतो, आधी गव्हाणीत काय पडणार आहे ते बघा.

तुमच्याकडे ज्वारीचा कडबा आहे, उसाचे वाढे मिळतात, बांधाचं गवत आहे, पण बारमाही हिरव्याची खात्री नाही? मग म्हैस. जाडीभरडी वैरण पचवण्यात म्हैस गायीपेक्षा सरस आहे. आपल्याकडे पंढरपुरी म्हैस पिढ्यानपिढ्या याच वैरणीवर वाढली. लांब तलवारीसारखी शिंगं, अंगाने आटोपशीर, दुधाला सहा-सात लिटर. कोल्हापुरात गवळी लोक याच म्हशी गंगावेशीच्या कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देत आलेत. रस्त्यावर, गर्दीत, लोकांसमोर पान्हा सोडणारं जनावर किती शांत असेल याचा विचार करा. व्हिडिओतल्या मुऱ्हाला दूध जास्त, यात वाद नाही. पण हरियाणातून आलेली १४ लिटरची मुऱ्हा इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात १४ देईल ही आशा सोडा. चारा बदलला, पाणी बदललं, दोन दिवसांचा ट्रकचा प्रवास झाला, हाक मारणारा माणूसही बदलला. सावरायला वेळ जातो आणि पुष्कळदा पुढच्या वेताला गाभण राहायला त्रास देते. मुऱ्हाचं रक्त पाहिजे असेल तर आपल्या भागात जन्मलेली, इथेच वाढलेली मुऱ्हाची संकर वगार शोधा. मिळते.

म्हशीचा हिशोब असा. ७ लिटर दूध, ६.० फॅट, ९.० एसएनएफला समजा ४८ रुपये, म्हणजे ३३६. खुराक दीड किलो शरीराला आणि लिटरमागे अर्धा किलो, मिळून पाच किलो, १६० रुपये. राहिले १७६. १० लिटरच्या गायीचे राहतात १२४. कमी दूध वाहायचं, पैसे जास्त.

लगेच म्हैस घ्यायला धावू नका, तिचेही हट्ट आहेत. गाभणकाळ गायीचा नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचा दहा महिने दहा दिवस. दोन वेतांतलं अंतर १५-१६ महिने सहज जातं, म्हणजे वर्षाचा हिशोब करताना ते १७६ तेवढे राहत नाहीत. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो. ओरडत नाही, सोट फारसा टाकत नाही, रात्री येतो आणि पहाटे जातो. रोज सकाळी गोठ्यात जाऊन बारीक नजर ठेवणारा माणूस घरात नसेल तर म्हैस वर्षभर भाकड बसते आणि दोष डॉक्टरला लागतो. काळ्या कातडीला ऊन सोसत नाही. डुंबायला जागा नसेल तर दुपारी दोनदा अंगावर पाणी मारायची तयारी ठेवा. रेडकू मेलं की काही म्हशी पान्हा चोरतात, मग कोणीतरी पान्हा सोडायचं इंजेक्शन सुचवतं. ते गैर आहे, जनावराचं वाटोळं करतं, आणि तसं दूध केंद्रावर आणू नका एवढंच सांगतो.

गाय कोणी घ्यावी? ज्याच्याकडे विहीर-बोअरचं एप्रिल-मेपर्यंत टिकणारं पाणी आहे आणि दहा गुंठे कायमचं वैरणीला सोडायची तयारी आहे त्याने. आणि ती गाय कशी असावी? माझी पसंती अर्ध्या रक्ताची. म्हणजे ५० टक्के होल्स्टिन, बाकी गीर किंवा आपली गावठी, फार तर साडेबासष्ट टक्क्यांपर्यंत. त्याच्या वर विदेशी रक्त गेलं की दूध वाढतं, पण आपलं ४० अंशांचं ऊन तिला झेपत नाही. धापा टाकते, चारा सोडते, फॅट ३.५ च्या खाली आणि एसएनएफ ८.५ च्या खाली येते. मशीनवर कपात होते आणि भांडण केंद्रावरच्या पोराशी होतं. त्याचा काही दोष नसतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' हा तिहेरी संकर केला तो याच विचाराने, होल्स्टिनचं दूध, जर्सीची फॅट आणि गीरचा काटकपणा एका जनावरात आणायला. जर्सी संकराला आपल्याकडे लोक नाक मुरडतात, लहान दिसते म्हणून. लहान आहे म्हणूनच ती कमी खाते! फॅटही चांगली लागते. परसातल्या गोठ्याला जर्सी संकर गाय हे फार समजूतदार जनावर आहे, असं माझं ठाम मत आहे आणि ते ऐकून घेणारे कमी आहेत.

गीरबद्दल बोललो नाही तर दहा फोन येतील. गीर सुंदर जनावर आहे. पण दावणीला शोभा म्हणून लाखभर रुपये घालू नका. आपल्या केंद्रावरचं मशीन फॅट आणि एसएनएफ मोजतं, ए-टू मोजत नाही. ए-टूचा जादा दर शहरात स्वतः बाटली पोचवणाऱ्याला मिळतो, कॅनमध्ये ओतणाऱ्याला नाही. आणि सहज सांगतो, म्हशीचं दूधही ए-टूच असतं. खिलार तर आपला अभिमान, पण तो शर्यतीचा आणि नांगराचा वंश. दुधासाठी खिलार घ्यायची नसते. घरात आधीपासून आहे, वासराचं पिऊन वर लिटर-दीड लिटर देते, तर ती खुशाल ठेवा.

एक गोष्ट लोक दबक्या आवाजात बोलतात, ती उघड लिहितो. राज्यात २०१५ पासून गोवंशाच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे, गोऱ्हे आणि बैलही त्यात आले. म्हशीला ती लागू नाही. कायदा बरोबर की चूक ही चर्चा या ग्रुपची नाही. हिशोब एवढाच, की संकरित गायीला गोऱ्हा झाला तर तो नांगरालाही चालत नाही आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. गाय म्हातारी झाली, कायमची भाकड झाली तर तिला पोसायचं तुम्हालाच आहे, आणि पोसायचं म्हणजे नीट पोसायचं, रात्री दुसऱ्याच्या रानात सोडून द्यायचं नाही. जनावर घेताना हा खर्च पहिल्याच दिवशी मनात धरा. यावर अर्धा उपाय म्हणजे लिंग निर्धारित रेतमात्रा. तिने साधारण ९० टक्के कालवडीच होतात. पहिलारू कालवडीला आणि निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या गायीलाच वापरा. वारंवार उलटणाऱ्या गायीवर महागडी कांडी वाया जाते.

म्हणून माझी जोडी ठरलेली आहे. एक पंढरपुरी किंवा मुऱ्हा संकर म्हैस, एक १०-१२ लिटरची अर्ध्या रक्ताची गाय. म्हशीचं दूध घरात तूप-दह्याला आणि फॅटच्या दराला, गायीचं रोजच्या खर्चाला. आणखी एक फायदा २०२२ साली दिसला. लम्पी आला तेव्हा गायींचे गोठे कोलमडले, म्हशींना त्याचा त्रास फारसा झाला नाही. दोन्ही जातींची जनावरं दावणीला असली की एकाच रोगाने सगळं जात नाही.

*वैरणीचा हिशोब जनावर आणायच्या आधी करा.* लोक गाय आणतात आणि मग नेपियरची कांडी शोधायला लागतात. कांडी लावल्यापासून पहिल्या कापणीला दोन-अडीच महिने जातात, तोवर गाय काय खाणार? दोन जनावरांना मिळून रोज ४० किलोच्या आसपास हिरवी वैरण धरा. संकरित नेपियर, आपल्याकडे फुले जयवंत चांगला येतो, पाणी-खत नीट असेल तर गुंठ्याला वर्षाला दीड-दोन टन सहज देतो. म्हणजे सात-आठ गुंठे नेपियर आणि दोन-तीन गुंठे लसूणघास. नुसता नेपियर नको, त्यात द्विदल पाहिजेच, म्हणजे पशुखाद्याचं पोतं जास्त दिवस पुरतं. वाळली वैरण एका जनावराला रोज पाच किलो, दोघांची वर्षाची साडेतीन टन. कडबा सुगीत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरून ठेवा. जूनमध्ये शेकड्याचा भाव ऐकून घाम फुटतो. उन्हाळ्यासाठी मक्याचा मुरघास बॅगेत भरून ठेवता आला तर उत्तमच.

वाढ्यांचं एक सांगून ठेवतो. तोडणी चालू असली की वाढे स्वस्तात मिळतात, आणि मग चार महिने दुसरं काही दिलंच जात नाही. वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगचं कॅल्शियम कमी होतं. दूध घटतं, व्याल्यावर जनावर बसतं, माज येत नाही. वाढे निम्म्याच्या वर नकोत, सोबत कडबा, लसूणघास आणि रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण. ५० ग्रॅम म्हणजे मूठभर नव्हे, मापून. आणि पाणी. दुभत्या जनावराला दिवसाला ६० ते ८० लिटर लागतं. दोन वेळा बादली दाखवून भागत नाही. मे महिन्यात तुमच्या घराला टँकर येत असेल तर दोन जनावरांच्या जागी एकच ठेवा, किंवा सरळ चार उस्मानाबादी शेळ्या घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

*आता धार कोण काढणार?*

याच्यावर जरा थांबतो, कारण जनावर निवडताना हा प्रश्न कोणी विचारतच नाही. बाजारात जातात पुरुष, बोली करतात पुरुष, ट्रकमधून उतरवून फोटो काढतात पुरुष. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून शेण काढते, वैरण घालते, धार काढते ती घरची बाई. संध्याकाळी पुन्हा तेच. वर्षाचे ३६५ दिवस. दिवाळीला माहेरी जायचं तर धारेमुळे नाही, भावाच्या लग्नाला मुक्काम करायचा तर धारेमुळे नाही. म्हशीला एकदा तिच्या हाताची सवय लागली की दुसऱ्याला ती पान्हा सोडत नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

२० लिटरची गाय हाताने पिळायची म्हणजे एका वेळेला दहा लिटर, वीस-पंचवीस मिनिटं उकिडवं बसून. आठवड्याभरात मनगट भरून येतं, घाईत धार अर्धवट सुटते, कासेत दूध राहतं आणि दगडीला आमंत्रण मिळतं. मग मशीन घ्या म्हणतात. एका गायीसाठी मशीन, म्हणजे पुन्हा कर्ज. म्हणून जनावराची जात ठरवायच्या आधी वहिनींना विचारा. त्यांना कोणतं जनावर हाताळायला सोपं जाईल, लाथ मारणारं चालेल का, म्हैस पाहिजे की गाय. त्या ज्या जनावराला नको म्हणतील ते घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असलं तरी. आणि दुधाचं खातं त्यांच्या नावाने उघडा. सातबारा कोणाच्या नावावर आहे याच्याशी डेअरीच्या पासबुकाचा संबंध नाही. मी पाहिलंय, खातं बाईच्या नावाने असलं की खुराकाचे पैसे खुराकालाच जातात. यावर कोणाला राग आला तर येऊ द्या.

*बाजारात गेल्यावर.* घोडेगाव, लोणी, काष्टी, सांगोला, बाजार कुठलाही असो, माझा पहिला सल्ला आहे की बाजारात जाऊच नका. आजूबाजूच्या ३०-४० किलोमीटरमधल्या गोठ्यातून घ्या. तिथे जनावर काय खातं, कुठलं पाणी पितं, आईने किती दूध दिलं, मागच्या वेताला काय झालं, सगळं शेजारीपाजारी सांगतात. हेडी सांगत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताचं जनावर घ्या. पहिलारूचा अंदाज लागत नाही, पाचव्या वेताच्या पुढे तुम्हाला किती वर्षं मिळणार? विकणारा प्रत्येक जनावराला 'दुसरं वेत' म्हणतो, तुम्ही दात बघा. सगळे दात जुळून झिजायला लागलेत आणि वेत दुसरं, हे जमत नाही.

सलग तीन धारा समोर काढून बघा, संध्याकाळ, सकाळ, पुन्हा संध्याकाळ. पहिली धार हिशोबात धरू नका, कारण दूध तुंबवून कास फुगवलेली असू शकते. कमरेत वाकून स्वतः पिळा. चारही सडांतून सारखी धार येते का, कासेत गाठ लागते का, धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडते का. धारेनंतरही कास घट्टच राहत असेल तर ते मांस आहे, दूध नाही. सोबतचं वासरू तिचंच आहे का बघा. तिने चाटलं, जवळ घेतलं तर तिचं. भर उन्हात उभं करून पाच मिनिटं श्वास बघा. लाळ्या-खुरकूत होऊन गेलेलं जनावर उन्हात धाप टाकतं, अंगावर केस वाढलेले दिसतात, ते घेऊ नका. गाभण म्हणून विकत असतील तर डॉक्टरकडून तपासून घेतल्याशिवाय गाभणीचे पैसे देऊ नका. ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्या. गर्भ टाकणारं जनावर गोठ्यात आलं तर बाकीच्यांनाही लागतं आणि धार काढणाऱ्या माणसालाही तो ताप होतो.

कानातला १२ अंकी बिल्ला बघा आणि तो नंबर लगेच स्वतःच्या नावावर करून घ्या. २०२४ मध्ये ते ५ रुपयांचं अनुदान आलं तेव्हा बिल्ला आणि नोंदणी जुळत नाही म्हणून किती जण हेलपाटे घालत होते ते आठवतं ना? विमाही बिल्ल्याशिवाय नाही.

येताना विकणाऱ्याकडून त्याच्याच खाद्याचं एक पोतं आणि चार दिवसांची वैरण विकत घ्या. नवीन खाद्य आठवडाभरात हळूहळू बदला. पहिले पंधरा दिवस घरच्या जनावरांपासून लांब बांधा, तिची गव्हाण वेगळी, बादली वेगळी, आणि धार सगळ्यात शेवटी तिची. दूध पहिल्या आठवड्यात घटेल. घाबरून खुराक वाढवू नका, पोट बिघडेल. लाळ्या-खुरकूतची लस सहा महिन्यांनी, घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीची वर्षातून एकदा, ही नोंद गोठ्याच्या भिंतीवरच खडूने लिहा.

आणि दोन्ही जनावरं एकाच गाडीतून आणायचा मोह टाळा. भाडं वाचतं, पण दोन्ही एकदम व्यालेली म्हणजे दोन्ही एकदम आटणार. पहिलं जनावर आणा, एक हिवाळा किंवा एक उन्हाळा सांभाळा, ते गाभण राहिलं की दुसऱ्याचं बघा.

कासदाह तपासायचं सीएमटी किट केंद्रावर ठेवलेलं आहे. जनावर बघायला जाणार असाल तर आदल्या दिवशी दूध घालायला येताना सांगा, किट सोबत देतो. वापरायला दोन मिनिटं लागतात, मुलगासुद्धा करू शकतो. शक्य असेल तिथे मी स्वतः येईन, पेट्रोलचं तुम्ही बघा. 😊 फोन मात्र विसार द्यायच्या आधी करा.

— तुमचा पशुसल्लागार